तेसार

मार्च. पोल्यानाच्या उतारावर
गुडघाभर बर्फ, वरचा पापुद्रा कडक.
पाऊल टाकलं की आधी पेलतो,
मग विचार बदलतो.

सासरे पुढे. मी त्यांच्याच पावलांत पाय घालत मागे.
बत्तीस वर्षं सॉ मिलमध्ये काढली त्यांनी.
पगार मिळाला, पेन्शनही मिळतेय,
कान तेवढे करवतीनं ठेवून घेतले.
सासूबाईंनी पहाटे माझ्या पिशवीत
पाव, कांदा, खारवलेल्या मांसाचा तुकडा कोंबला.
"व्हेंदेलीनला एकटं सोडू नकोस," म्हणाल्या,
"घसरला तर तू हाका मारत बसशील
आणि त्याला पत्ता नसेल."
नवरा जर्मनीत, ट्रकवर.
आम्हा दोघांत बोलण्यासारखं
तसं काहीच नव्हतं.

टर्रर्रर्र.
खालच्या बीचच्या झाडांतून कुठून तरी,
गंजल्या बिजागरीचं दार कुणी लांबवत उघडावं तसं.
मी त्यांची बाही ओढते, बोटानं दिशा दाखवते.
मी वर बघतेय, फांद्या, नुसत्या फांद्या.
ते बघतात खाली, बुंध्यांशी.
तिसऱ्या झाडाखाली, बर्फावर, ताज्या ढलप्या,
काडेपेटीतल्या काड्यांएवढ्या.
तिथून नजर सावकाश वर चढते,
शिडीची एकेक पायरी चाचपत,
आणि भुवई उडते.
पांढऱ्या पाठीचा. शेपटीचं स्टूल करून
कामाला बसलेला. आमच्याकडे पाठ.

तासाभरात आमचं जमून जातं.
मी कान, ते डोळे.
आंधळ्या-पांगळ्याची गोष्ट
शाळेत मला खोटी वाटायची.

वर स्प्रूसचं रान. निम्मं उभ्याउभ्या वाळलेलं.
सालीखाली किडा शिरला आणि
तीन उन्हाळ्यांत डोंगर गंजला.
गावात यावरून दोन तट आहेत:
तोडा म्हणणारे, राहू द्या म्हणणारे.
सासऱ्यांना दोन्हीकडचे लोक येऊन पटवतात,
ते दोघांनाही मान डोलावतात.
ऐकू न येण्याचा एवढाच फायदा, म्हणतात.

इथं तीनबोट्या भेटला. टाळूवर
अंड्यातल्या बलकाएवढं पिवळं.
हा घाबरत नाही. आमच्या डोक्यावरच
साल सोलत राहिला; कपचे टोपीवर,
माझ्या कॉलरमध्ये, थर्मासच्या झाकणातल्या चहात.
सासऱ्यांनी चहातला कपचा चिमटीत धरून
उजेडात फिरवून पाहिला,
खिशात टाकला.

मग तो.
आधी लांबून एक हाक, रडवेली, ओढलेली.
मग समोरच्या वठलेल्या खोडावर
काळाकुळीत, कावळ्याएवढा, माथ्याला लाल.
इकडे याला तेसार म्हणतात,
आणि घराचे वासे तासणाऱ्या माणसालाही तेसारच.
सासऱ्यांचे वडील तेसार होते.
त्यानं मान मागे घेतली आणि
सगळा उतार वाजला.

मी वळून बघते. सासरे
त्याची मान हलताना बघतायत,
बंद काचेआडून बघावं तसे.

का कोण जाणे, मी त्यांचा हातमोजा काढला.
खोड चार पावलांवर. तळवा सालीवर टेकवला.
पक्षी वरच्या बाजूला सरकला, उडाला नाही.
पुन्हा वाजवलं.
सासऱ्यांनी डोळे मिटले.
"येतंय," म्हणाले.
मीही हात टेकवला शेजारी.
गारठा. डिंक. बाकी काही नाही.

त्यांची दुसऱ्या हातातली बोटं
माझ्या मनगटावर वाजू लागली,
जलद, मग विरत जाणारी,
अगदी तशीच.

तेवढ्यात तो उडाला. क्री-क्री-क्री करत
कड्यापलीकडे गेला.
त्यांचे डोळे अजून मिटलेले.
"बघ, चालूच आहे," म्हणाले.

बर्फ सालीवरून थेंबथेंब सुटत होता.
मी त्यांच्या मनगटावर
दोनदा बोट वाजवलं:
हो.